दीड दिवसाची चाल : जेम्स लोगन आणि १७३७ चे लेनापे जमीन प्रकरण

१९ सप्टेंबर १७३७ रोजी सूर्योदयाला, पेनसिल्व्हेनिया वसाहतीच्या बक्स परगण्यात, राइट्सटाउन येथील क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनागृहाजवळ एका चेस्टनटच्या झाडाखाली तीन माणसे निघण्याच्या तयारीत उभी होती. एडवर्ड मार्शल, जेम्स येट्स आणि सॉलोमन जेनिंग्ज हे तिघेही रानावनात वावरलेले, दमदार चालीचे म्हणून निवडलेले होते. जो सर्वांत लांब जाईल त्याला पाच पौंड रोख आणि पाचशे एकर जमीन मिळणार होती. त्यांच्यासोबत परगण्याचा शेरीफ होता, शिधा वाहणारे घोडे होते आणि सर्व काही रीतसर होते आहे ना हे पाहण्यासाठी तिथल्या मूळ रहिवासी लेनापे जमातीचे काही लोकही होते. ही माणसे दीड दिवसात जिथवर पोहोचतील तिथवरची जमीन वसाहतीच्या मालकांची, म्हणजे पेन घराण्याची, असा लेनापेंशी करार त्याच्या पंचवीस दिवस आधी झाला होता.

ज्याच्या कारभारात हे घडले तो जेम्स लोगन त्या झाडाखाली नव्हता. १७२८ मध्ये बर्फावरून घसरून त्याचे मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले होते आणि तेव्हापासून त्याला कुबड्यांचा आधार घ्यावा लागत होता. दीड दिवसाच्या या चालीची आखणी ज्याने केली त्याला स्वतःला धड चालता येत नव्हते, हा केवळ योगायोग आहे. पण प्रकरण वाचताना तो मनातून जात नाही.

या घटनेला इतिहासात ‘वॉकिंग पर्चेस’ म्हणतात. ती फसवणूक होती, यावर आज फारसा वाद उरलेला नाही. मला त्यात अभ्यासण्याजोगी वाटते ती गोष्ट वेगळी आहे. या प्रकरणात प्रत्येक पायरीला दस्त आहे, साक्षीदार आहेत, सह्या आहेत, नकाशा आहे. एकही पायरी उघड बळजबरीची नाही. शपथ घेणेसुद्धा पाप मानणाऱ्या, ‘होय म्हणजे होय’ एवढेच पुरे असे शिकवणाऱ्या पंथातील एका विद्वान कारभाऱ्याने हे कसे जमवले, ते पायरीपायरीने पाहायचे आहे.

कारभारी

लोगनचा जन्म २० ऑक्टोबर १६७४ रोजी आयर्लंडमधील लर्गन येथे झाला. वडील पॅट्रिक लोगन हे एडिनबराचे पदवीधर. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशकाची वाट सोडून ते क्वेकर झाले आणि शाळा चालवू लागले. मुलाने लहानपणीच लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू आत्मसात केली. पुढे ब्रिस्टलमधील क्वेकरांच्या शाळेत वडिलांच्या जागी तो शिक्षक झाला, आणि तिथून पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक आणि मालक विल्यम पेन याने त्याला आपला चिटणीस म्हणून उचलले. १६९९ मध्ये दोघे एकाच जहाजातून अमेरिकेला निघाले.

त्या प्रवासातला एक प्रसंग बेंजामिन फ्रँकलिनने खुद्द लोगनकडून ऐकून लिहून ठेवला आहे. एक सशस्त्र जहाज पाठलाग करते आहे असे वाटल्यावर पेन आणि इतर क्वेकर खालच्या खोलीत गेले, कारण शस्त्र हाती धरणे पंथाला मान्य नव्हते; लोगन मात्र वर थांबून तोफेपाशी उभा राहिला. जहाज मित्राचेच निघाले. मग पेनने चारचौघांत त्याला खडसावले. क्वेकर मंडळी लहानथोर सर्वांना एकेरीतच संबोधत, त्यामुळे लोगनचे उत्तरही तसेच आले : मी तुझा नोकर, मग तू मला खाली ये असा हुकूम का नाही केलास? संकट आहे असे वाटत होते तोवर मी वर राहून लढावे, हे तुला चालतच होते. मालकाने तोंडाने न सांगितलेले, पण त्याला हवे असलेले काम नोकराने करायचे आणि नंतर बोलणी खायची, ही दोघांमधली वाटणी या प्रसंगात इतकी स्पष्ट दिसते की पुढचे अर्धे प्रकरण त्यातच आहे.

१७०१ मध्ये पेन इंग्लंडला परतला तो कायमचाच. मागे लोगन राहिला आणि पदे त्याच्यापाशी साचत गेली : प्रांताचा चिटणीस, कौन्सिलचा सदस्य, जमीन वाटपाचा आयुक्त, मालकांच्या वसुलीचा प्रमुख, १७२२ मध्ये फिलाडेल्फियाचा महापौर, १७३१ पासून सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश. लोकसभेसारख्या असलेल्या असेंब्लीशी त्याचे कधीच पटले नाही. डेव्हिड लॉइड या दुसऱ्या क्वेकर पुढाऱ्याने १७०७ मध्ये त्याच्यावर महाभियोग आणला, आणि १७०९ मध्ये असेंब्लीने त्याच्या अटकेचा हुकूमही काढला, पण गव्हर्नरने तो अडवला. याच सगळ्या काळात लोगन स्वतःसाठी कातड्यांचा व्यापार करत होता. आदिवासींशी वाटाघाटी करणारा सरकारी माणूस आणि त्यांच्याकडून कातडी घेणारा व्यापारी, अशी एकाच माणसाची दोन रूपे होती, आणि यात कुणाला फारसे वावगेही वाटत नव्हते.

ऑगस्ट १७३६ मध्ये गव्हर्नर पॅट्रिक गॉर्डन वारल्यावर कौन्सिलचा अध्यक्ष या नात्याने लोगन प्रांताचा कार्यकारी प्रमुख झाला आणि १७३८ मध्ये नवा गव्हर्नर येईपर्यंत तसाच राहिला. म्हणजे १७३७ साली प्रांताचे शासन, प्रांताचे सर्वोच्च न्यायासन आणि मालकांचा जमीन व्यवहार या तिन्हींवर त्याचा हात होता. लेनापेंना तक्रार करायची झाली असती, तर ती त्याच्याच दारात येऊन करावी लागली असती.

कर्ज आणि जमीन

विल्यम पेन कर्जात बुडाला होता. १७०८ मध्ये तो कर्जापायी तुरुंगात गेला आणि प्रांतच गहाण पडला. १७१८ मध्ये तो वारल्यावर मुलांच्या वाट्याला प्रांताबरोबर देणीही आली. १७३२ मध्ये मुलगा थॉमस पेन फिलाडेल्फियाला आला तो रोकड उभी करायलाच. दक्षिणेकडे मेरीलँडशी हद्दीचा वाद सुरू असल्याने त्या बाजूची वसुली तुंबली होती, म्हणून नजर उत्तरेकडे वळली : डेलावेअर नदीला लीहाय नदी जिथे मिळते, त्या ‘फोर्क्स’ नावाच्या दुआबाकडे. १७३५ मध्ये एक लाख एकरांची सोडतही जाहीर झाली. जी जमीन अजून मूळ रहिवाशांकडून विकत घेतलेलीच नव्हती, तिच्या चिठ्ठ्या विकायला काढल्या गेल्या.

पण पेन घराण्याचा दंडक, निदान कागदावर, असा होता की वसाहतीसाठी जमीन देण्यापूर्वी ती आदिवासींकडून खरेदी झालेली हवी. थोरल्या पेनचे नाव याच गोष्टीमुळे दोन्हीकडे आदराने घेतले जाई. त्यामुळे फोर्क्सवर थेट ताबा घेणे शक्य नव्हते. खरेदीखत लागणार होते.

त्या भागात नुटिमस नावाचा लेनापे पुढारी होता. त्याचा हक्क लोगनला माहीत नव्हता असे म्हणता येत नाही, आणि माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा आहे. १७२७ च्या सुमारास लोगनने भागीदारांसह डरहॅम येथे लोखंडाची भट्टी सुरू केली, तेव्हा त्या जागेसाठी त्याने नुटिमसला पैसे मोजले होते. खासगी व्यक्तीने आदिवासींकडून परस्पर जमीन घेणे प्रांताच्या कायद्याला मान्य नव्हते, ही गोष्ट बाजूला ठेवली तरी, ज्याला आपण स्वतः जमिनीची किंमत दिली त्याची त्या टापूवर मालकीच नव्हती, असे नंतर कोणत्या तोंडाने म्हणायचे? शिवाय १७१८ मध्ये लेनापेंचा दुसरा पुढारी सासूनन याच्याकडून लिहून घेतलेल्या हक्कसोडपत्रात विकलेल्या जमिनीची उत्तर हद्द लीहायच्या दक्षिणेकडील डोंगररांग अशी स्पष्ट होती. डोंगरापलीकडचा दुआब तोवर विकला गेलेला नाही, हे मालकांच्याच दप्तरात नोंदलेले होते.

नक्कल, नकाशा आणि तिसरा पक्ष

मे १७३५ मध्ये पेन्सबरी येथे थॉमस आणि जॉन पेन हे बंधू, लोगन आणि नुटिमसप्रभृती लेनापे पुढारी यांची बैठक झाली. तिथे १६८६ सालच्या एका खरेदीखताची नक्कल पुढे ठेवण्यात आली. तिच्यानुसार लेनापेंच्या पूर्वजांनी विल्यम पेनला, एका ठरावीक खुणेपासून आत रानात माणूस दीड दिवसात जाईल तितकी जमीन दिली होती. मूळ प्रत नव्हती. नक्कलेवर सह्या नव्हत्या. ज्यांनी ती दिली असे म्हटले होते ते पुढारी हयात नव्हते. आणि चतुःसीमेचा महत्त्वाचा भाग, म्हणजे चालीच्या शेवटापासून पुन्हा डेलावेअर नदीपर्यंत रेषा कोणत्या दिशेने आणायची, ती जागा कोरीच होती. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात वावरलेला कुणीही असा कागद पाहिला की आधी हात आखडता घेईल.

हा कागद सरळ बनावट होता असे म्हणण्याइतका पुरावा नाही. १६८६ च्या सुमारास अशी काही बोलणी झाली असावीत आणि व्यवहार अर्धवट राहिला असावा, हा तर्क अधिक पटतो. मसुद्यातील कोऱ्या जागाही तेच सुचवतात. पण अर्धवट राहिलेल्या व्यवहाराचा मसुदा हा पूर्ण झालेल्या व्यवहाराचा दस्त होत नाही, आणि मुख्य न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला हा फरक कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

इथे लोगनची दुसरी बाजू आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच काळात तो मक्याच्या परागीकरणावर प्रयोग करत होता. त्याने काही झाडांचे तुरे कापले, काही कणसांची रेशमे थोडीथोडी छाटली, एका कणसावर परागकण पोहोचू नयेत म्हणून ते पातळ मलमलीत गुंडाळले, आणि त्यात दाणे भरत नाहीत हे पाहून मगच निष्कर्ष लिहिला. तो निबंध १७३६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. त्याच्या संग्रहात अडीच हजारांहून अधिक ग्रंथ होते, न्यूटनचा महाग्रंथ अमेरिकेत आणणारा तो पहिला मानला जातो. कणसाच्या एका दाण्याबद्दल इतका पुरावा मागणाऱ्या माणसाला सह्या नसलेली नक्कल मात्र चालली.

नुटिमस आणि त्याचे सोबती पेन्सबरीला मानले नाहीत. त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. पहिली गुप्तपणे : १७३५ मध्येच माणसे पाठवून चालीची रंगीत तालीम घेण्यात आली, सोयीची वाट शोधून झाडांवर खुणा करण्यात आल्या. दुसरी राजनैतिक पातळीवर. उत्तरेकडे इरोक्वा महासंघ, म्हणजे सहा राष्ट्रे, प्रबळ होता, आणि जर्मन वंशाचा दुभाषी कॉनराड वायझर व इरोक्वांचा प्रतिनिधी शिकेलमी यांच्यामार्फत लोगनने त्यांच्याशी संधान बांधले होते. ऑक्टोबर १७३६ मध्ये फिलाडेल्फियात सहा राष्ट्रांनी सस्क्वेहाना खोऱ्यावरचा आपला दावा पेनबंधूंना लिहून दिला. परिषद आटोपून मंडळी परतीच्या वाटेला लागली, तेव्हा वायझरने त्यांच्याकडून आणखी एका कागदावर खुणा घेतल्या, आणि त्यात डेलावेअर नदीकाठची जमीनही सोडून दिलेली होती. तिच्यावर इरोक्वांनी त्यापूर्वी कधी ठोस हक्क सांगितलेलाच नव्हता. ज्याची जमीन नाही त्याच्याकडून हक्कसोड घेण्यात लोगनचा हेतू जमीन मिळवणे हा नव्हताच. उद्या लेनापे तक्रार घेऊन उत्तरेकडे गेले, तर तिथले दार आधीच बंद असावे, एवढ्यासाठी तो कागद होता.

आता लेनापे एकटे पडले. २५ ऑगस्ट १७३७ रोजी मनॉकीहिकन, लापोविन्सा, टिशकोहन आणि नुटिमस यांनी जुन्या खरेदीखताला मान्यता देणाऱ्या दस्तावर आपल्या खुणा केल्या. त्या वेळी त्यांना एक नकाशा दाखवण्यात आला होता. त्यावर लीहाय नदी ज्या पद्धतीने आणि ज्या नावाने काढली होती, त्यामुळे ती खूप दक्षिणेकडचा टोहिकन ओढा आहे असा समज व्हावा, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. टोहिकनपर्यंतची जमीन गेली, हे लेनापेंना मान्य होण्यासारखे होते. तिथवर गोऱ्यांची वस्ती आलेलीच होती. अक्षरे वाचू न शकणाऱ्या माणसाला नकाशा तरी वाचता येतो, हे खरे; म्हणून नकाशाच तसा काढला गेला.

चाल आणि रेषा

लेनापेंच्या लेखी ‘दीड दिवसाची चाल’ हे रोजच्या व्यवहारातले माप होते. माणूस नदीच्या काठाकाठाने चालतो, दुपारी बसतो, चिलीम ओढतो, वाटेत खार दिसली तर टिपतो, जेवतो आणि पुढे निघतो. त्या हिशेबाने वीस-पंचवीस मैल झाले असते. प्रत्यक्षात तिघे नदीचा काठ सोडून, आधी खुणा केलेल्या वाटेने, वायव्येकडे झपाट्याने निघाले. जेनिंग्ज पहिल्याच दिवशी थकून मागे राहिला. सोबत आलेले लेनापे आधी कुरकुरले, मग ‘ही चाल नव्हे, ही धाव आहे’ अशा अर्थाचा निषेध करून निघून गेले. दुसऱ्या दिवशी येट्स कोसळला. मार्शल एकटाच दुपारपर्यंत टिकला आणि आजच्या जिम थॉर्प गावाच्या आसपास जाऊन थांबला. अंतर साठ मैलांच्या घरात भरले.

इथवरची लबाडी तरी पायांची होती. खरी किमया त्यानंतर मोजणीदाराच्या पट्टीने केली. चालीच्या शेवटापासून डेलावेअर नदीपर्यंत जवळच्या अंतराने सरळ रेषा आणावी, ही लेनापेंची समजूत. सर्वेक्षक बेंजामिन ईस्टबर्न याने ती चालीच्या दिशेला काटकोनात काढली. नदी वरच्या अंगाला वायव्येकडे वळत जात असल्यामुळे काटकोनातली रेषा तिला लवकर गाठेचना. ती पार लॅकवॅक्सन ओढ्याच्या मुखाकडे जाऊन भिडली. ती रेषा चालून जायला मोजणीच्या माणसांना चार दिवस लागले. दीड दिवसाच्या चालीचा शेवट चार दिवसांच्या रेषेने झाला. दस्तातील ती कोरी जागा अशा रीतीने भरली गेली आणि सुमारे १२०० चौरस मैल, म्हणजे साडेसात लाख एकरांच्या आसपास जमीन मालकांच्या खाती आली.

या सगळ्यात लोगनची जबाबदारी नेमकी किती? लाभ मुख्यतः थॉमस पेनचा होता, आणि तो तेव्हा प्रांतात हजर होता. निर्णयावर शेवटचा शब्द त्याचाच. ‘मालकाचा हुकूम’ हा बचाव लोगनला उपलब्ध होता. पण थॉमसला ना लेनापेंची माणसे ठाऊक होती, ना इरोक्वांचे राजकारण, ना जुन्या दस्तांची पोतडी. ते सारे छत्तीस वर्षे एकाच माणसाने सांभाळले होते, आणि डरहॅमच्या भट्टीमुळे त्या टापूत त्याचे स्वतःचे पैसेही गुंतले होते. म्हणून मी या व्यवहाराचा कर्ता लोगनलाच मानतो, मालक नव्हे.

परिणाम

लेनापे जमीन सोडायला तयार होईनात. १७४२ मध्ये फिलाडेल्फियात भरलेल्या परिषदेत इरोक्वांचा वक्ता कॅनसाटेगो याने त्यांना भर सभेत फटकारले, तुम्ही आमच्यापुढे बायका आहात, तुम्हाला जमीन विकण्याचा अधिकारच नाही, असे सुनावले आणि सस्क्वेहाना खोऱ्यातील वायोमिंग किंवा शमोकिन इथे निघून जा, असा हुकूम केला. १७३६ चा तो कागद असा फळला. लेनापे सस्क्वेहानाकडे सरकले, तिथून पुढे काही ओहायोकडे.

यातून पुढे जे युद्ध पेटले त्याची झळ लोगनला स्वतःला पोहोचली नाही, पण युद्धाचा प्रश्न त्याच्यापुढे आला होता. १७४१ मध्ये त्याने क्वेकरांच्या वार्षिक सभेला पत्र लिहून सांगितले की स्वसंरक्षणासाठी शस्त्र धरणे गैर नाही, आणि ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी असेंब्लीत निवडून जाऊ नये. सभेने ते पत्र वाचून दाखवण्यासही नकार दिला. जर्मनटाउनजवळच्या स्टेन्टन या आपल्या वाड्यात, पुस्तकांच्या संगतीत, ३१ ऑक्टोबर १७५१ रोजी तो वारला.

चार वर्षांनी, फ्रेंचांविरुद्ध निघालेल्या ब्रिटिश सेनापती जनरल ब्रॅडॉकच्या पराभवानंतर सीमेवर आग भडकली, आणि लेनापे योद्ध्यांनी नेमक्या त्याच टापूतील वस्त्यांवर हल्ले केले. मार्शलचे कुटुंब वाचले नाही. १७५७ मध्ये त्याची बायको मारली गेली. नोव्हेंबर १७५६ मध्ये ईस्टन येथील वाटाघाटीत लेनापे पुढारी टीडियस्कंग याला युद्धाचे कारण विचारले, तेव्हा त्याने पायाखालच्या जमिनीकडे बोट दाखवून हीच ती कपटाने हिरावलेली जमीन, असे सांगितले. त्याच्या बाजूने उभे राहिले ते क्वेकरच. इझ्रायल पेम्बर्टनच्या पुढाकाराने क्वेकर व्यापाऱ्यांनी एक संस्था काढली, वर्गणी जमवली आणि जुने दस्त उकरून काढण्याचा आग्रह धरला. राजकीय हिशेब त्यातही होता, कारण पेन घराण्याशी त्यांचे बिनसलेले होते. तरीही आपल्याच पंथाच्या कारभाऱ्याची कृती चव्हाट्यावर आणण्याची तयारी त्यांनी दाखवली, हे नाकारता येणार नाही. १७६२ मध्ये आदिवासी व्यवहारांचे ब्रिटिश अधीक्षक सर विल्यम जॉन्सन यांच्यापुढे चौकशी झाली. मूळ खरेदीखत तेव्हाही समोर आले नाही, आणि टीडियस्कंगने दबावाखाली बनावट दस्ताचा आरोप मागे घेतला. प्रकरण सरकारदरबारी मिटले.

ते पुन्हा उघडले गेले २००४ मध्ये. लेनापेंच्या वारसांपैकी डेलावेअर नेशनने ईस्टनजवळच्या ३१५ एकरांसाठी संघराज्य न्यायालयात दावा लावला. न्यायालयाने तो फेटाळला आणि २००६ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. फसवणूक झालीच नाही, असे न्यायालयाने म्हटले नाही. त्याने म्हटले ते असे की सार्वभौम सत्तेने मूळ रहिवाशांचा हक्क एकदा संपवला, की तो कोणत्या मार्गाने संपवला याची तपासणी न्यायालय करू शकत नाही.

राइट्सटाउनला त्या चेस्टनटच्या जागी १८९० मध्ये बक्स परगण्याच्या इतिहास मंडळाने दगडी स्मारक उभारले. चाल जिथून निघाली ती ही जागा, असे त्यावर कोरले आहे, आणि लेनापेंचा उल्लेख या प्रदेशाचे पुरातन मालक असा केला आहे.